सौर हवा तापकावर ४० टक्के घसारा: कोणाला मिळतो, कागद कोणते लागतात

कांदा, आलं, हळद, भाजीपाला वाळवणाऱ्या युनिटमध्ये मोठा खर्च असतो तो गरम हवेचा. काचेखाली काळा पत्रा आणि हवा ओढणारा ब्लोअर अशी सौर यंत्रणा छतावर बसवली, की उन्हाच्या वेळात हवा आयती पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते आणि लाकूड, डिझेल किंवा गॅसच्या बर्नरवरचा भार तेवढा उतरतो. थंड देशांत अशाच यंत्रणेनं गोदामं उबदार ठेवतात. आपल्याकडे तिचं मुख्य काम वाळवणीचं. इंधन वाचतं हे सगळ्यांना दिसतं. प्राप्तिकरात वाचू शकणारे पैसे मात्र ढिसाळ बिलापायी जातात.

घसारा म्हणजे वापरानं यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत; ती नफ्यातून वजा होते आणि तेवढा कर कमी लागतो. प्राप्तिकर नियमांच्या घसारा तक्त्यात अक्षय ऊर्जा उपकरणांची स्वतंत्र यादी आहे. हवा तापवण्याच्या यंत्रणा आणि शेतमाल वाळवणारे सौर ड्रायर, दोन्ही तिच्यात येतात. दर ४० टक्के. साध्या यंत्राला १५ टक्के. विक्रेता ८० टक्के सांगत असेल तर तो दर १ एप्रिल २०१७ पासून बंद झालाय.

पुढची माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रासाठी, म्हणजे १९६१ च्या कायद्यानुसार आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे.

कोणाला मिळतो

यंत्र तुमच्या मालकीचं आणि तुमच्या धंद्यात वापरलेलं हवं, एवढ्या दोनच अटी. इमारत भाड्याची असली तरी चालतं. यंत्रच भाड्यानं घेतलं असेल तर घसारा यंत्रमालकाचा. तुम्ही फक्त भाडं खर्चात दाखवायचं. कायद्याच्या कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी अंदाजित नफा दाखवणाऱ्यांना तो वेगळा मागता येत नाही, कारण तो त्या टक्क्यांतच धरलेला असतो. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांचा बेदाणा करणाऱ्यालाही उपयोग नाही. ते उत्पन्न सहसा शेतीचं, म्हणजे मुळात करमुक्त. दुसऱ्यांचा कांदा विकत घेऊन पावडर करणारा मात्र व्यापारीच.

नवीन करप्रणालीतही हा ४० टक्के घसारा मिळतो. नव्या यंत्रावरचा अतिरिक्त घसारा तेवढा तिथे मिळत नाही.

बिल नीट करून घ्या

सगळी गोम इथे आहे. स्थानिक फॅब्रिकेटर बिलात ‘जीआय पत्रा, पंखा, मजुरी’ असं लिहून मोकळा होतो. ते वाचून ऑडिटर यंत्र १५ टक्क्यांच्या गटात टाकतो, आणि त्याचं चुकत नाही. बिलावर ‘सौर हवा तापक यंत्रणा’ किंवा ‘सौर ड्रायर’, कलेक्टरचं क्षेत्रफळ, तुमच्या फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक हवा. ट्रे ठेवायला बांधलेली पक्की खोली त्याच बिलात घुसडू नका; ती इमारत, तिला १० टक्के.

बिलासोबत फाइलला लागतं ते असं: बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा, वाहतूक पावती, यंत्रणा चालू केल्याचं तारखेसह प्रमाणपत्र, पहिल्या घाण्याची उत्पादन नोंद, कर्ज असल्यास मंजुरीपत्र, भाड्याच्या छतासाठी मालकाची संमती. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली असेल तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरत नाहीत. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर त्या रकमेवर घसारा नाही.

हिशेब

समजा, यंत्र जीएसटी वगळून ६ लाखांचं, वाहतूक आणि बसवणी ४० हजार. त्यापोटी सरकारी अनुदान २,२४,००० रुपये. ते वजा करावंच लागतं. अनुदान अख्ख्या प्रकल्पावर असेल तर यंत्राच्या किमतीच्या प्रमाणात वजा करायचं. उरले ४,१६,०००. त्यावर पहिल्या वर्षीचा घसारा १,६६,४००. भागीदारी फर्मचा ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरला तर सुमारे ५२ हजार रुपये कर वाचतो. १५ टक्क्यांच्या गटात घसारा ६२,४०० वरच थांबला असता.

तारीखही बघा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. २०२५-२६ साठी ३ ऑक्टोबर २०२५ ही शेवटची तारीख होती. ४ तारखेला चालू झालेल्या यंत्राला २० टक्के. उरलेलं बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळतं. इथे तारीख धरतात ती वापरात आणल्याची. यंत्र सप्टेंबरात येऊन नोव्हेंबरपर्यंत आवारात पडून असेल तर बिलाची तारीख कामाची नाही.

मागायचा कसा

वेगळा अर्ज नाही, मंजुरीही नाही. एकल मालकाचा आयटीआर-३, फर्म, एलएलपी, सहकारी संस्थेचा आयटीआर-५, कंपनीचा आयटीआर-६. त्यातल्या डीपीएम या यंत्रांच्या घसाऱ्याच्या परिशिष्टात ४० टक्क्यांच्या रकान्यात रक्कम भरा; १८० दिवस किंवा जास्त वापरलेल्या आणि त्याहून कमी वापरलेल्या यंत्राची वेगळी. ऑडिट लागू असेल तर ३सीडी या ऑडिट अहवालाच्या फॉर्मच्या १८ व्या कलमातले आकडे याच्याशी जुळले पाहिजेत. कागद विवरणपत्राला जोडत नाहीत, पण नोटीस आली की हेच मागतात.

यंदा नफा नाही म्हणून घसारा पुढच्या वर्षी घेऊ, असं करता येत नाही. तुम्ही मागा वा न मागा, तो घेतला असंच कायदा धरतो. तेव्हा विवरणपत्रात दाखवाच. नफा कमी पडल्यानं वजा न झालेला घसारा पुढे ओढायला वर्षांची मर्यादा नाही.