व्यापारी मिळकतीचे पाणी व ड्रेनेजचे सुधारित वेराबिल: बडोद्यात हरकत कशी नोंदवावी

रावपुरा, मांडवी किंवा दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या इमारतीचा मालक वर्षाच्या मध्येच आलेले सुधारित वेराबिल (वेरा म्हणजे महानगरपालिकेचा कर) घेऊन वॉर्ड ऑफिसात जातो, "एवढे पाणी वापरतच नाही" असे सांगतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. जिथे मीटरवर आकारणी होत नाही, तिथे पाणी व ड्रेनेजचा वेरा मिळकतवेऱ्याबरोबरच आकारला जातो आणि तो प्रत्यक्ष वापरावर ठरत नाही. जागेचे क्षेत्रफळ, ठिकाण, इमारतीचे वय, वापराचा प्रकार आणि जागेत मालक आहे की भाडेकरू, या गोष्टींवर मिळकतीची आकारणी होते. त्यामुळे बिल सुधारले याचा अर्थ यांपैकी कोणती तरी नोंद बदलली. हरकत त्या नोंदीवर घ्यावी लागते, रकमेवर नव्हे. दुकानात बोअरचे पाणी आहे, नळ कधी घेतलाच नाही, हा मुद्दाही एकटा पुरत नाही, कारण महानगरपालिकेने ज्या भागात पाणीपुरवठ्याची व्यवस्था केल्याचे जाहीर केलेले असते, तिथे नळजोडणी नसलेल्या मिळकतीवरही पाणीवेरा बसू शकतो.

म्हणून पहिले काम म्हणजे जुने आणि नवे बिल शेजारी ठेवून कोणता रकाना बदलला ते पाहणे. बिलावरून ते उलगडत नसेल तर वॉर्ड ऑफिसातून आकारणीचा उतारा मागावा. तो सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. गुजरातमध्ये त्याचे शुल्क २० रुपये आहे. मात्र इथेच अनेकजण फसतात. माहिती देण्यासाठी कायद्याने कार्यालयाला ३० दिवस मिळतात आणि हरकतीची मुदत त्याआधीच संपते. माहितीचे उत्तर येईपर्यंत हरकत थांबवून ठेवू नये. आधी मोजक्या शब्दांत हरकत नोंदवावी, "आकारणीचा तपशील मिळाल्यावर पुरवणी निवेदन देऊ" असे त्यात लिहावे आणि मग माहितीच्या मागे लागावे.

मुदतीबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. बिलावर छापलेली भरण्याची शेवटची तारीख हीच हरकतीची शेवटची तारीख, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४०६ प्रमाणे, चालू वर्षात आकारणी वहीत झालेल्या बदलाविरुद्ध लघुवाद न्यायालयात अपील करायचे असेल, तर त्या बदलाची सूचना पहिल्यांदा मिळाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेतलेली असावी लागते आणि तिचा निकाल लागलेला असावा लागतो. निकाल विरुद्ध गेला तर तिथून पुढे अपिलासाठी आणखी १५ दिवस मिळतात. म्हणजे पंधरवडे दोन आहेत, आणि पहिला हुकला की दुसऱ्याचा उपयोग उरत नाही. सूचना भाडेकरूच्या किंवा वॉचमनच्या हाती पडते, तो ती गल्ल्याखाली सरकवून ठेवतो आणि मालकाला महिन्याने कळते. त्यानंतर "मला मिळालीच नव्हती" हे सिद्ध करणे फार कठीण जाते. पाकीट फेकू नये, त्यावरचा टपालाचा शिक्का जपावा, आणि हाती दिलेली सूचना असेल तर घेणाऱ्याने तारीख घालून सही करावी, एवढे भाडेकरूंना आधीच सांगून ठेवावे.

हरकत अर्ज साधा असतो. मिळकतीचा वेरा क्रमांक, बिलाची तारीख, बदललेली नोंद, ती का चुकीची आहे हे दोन वाक्यांत आणि सोबत पुरावा, इतके पुरते. अर्ज गुजरातीत लिहिलेला बरा, कारण तो पुढच्या टेबलावर वाचला जातो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हाती आल्याशिवाय खिडकी सोडू नये. "साहेब आले की शिक्का मारतो" हे ऐकून घरी गेलेल्या माणसाला नंतर अर्ज दिल्याचाच पुरावा राहत नाही. ज्या कार्यालयाचा शिक्काच साहेबांच्या येण्याजाण्यावर अवलंबून असतो, त्याने १५ दिवसांच्या मुदतीवर एवढे बोट ठेवावे, हे अजबच आहे.

कागदपत्रांत इंडेक्स-२, प्रॉपर्टी कार्ड, मागील बिलांच्या पावत्या आणि लाइट बिल हे बहुधा घरात सापडते. अडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे बांधकामाची वापर परवानगी. कित्येक जुन्या इमारतींना ती कधी घेतलीच गेली नाही किंवा कोणत्या तरी भावाच्या कपाटात आहे, आणि क्षेत्रफळाचा वाद तिच्याशिवाय लढवणे कठीण जाते. ती नसेल तर मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि अधिकृत आर्किटेक्टकडून मोजणी करून तो नकाशा हरकतीला जोडावा. दुसरी अडचण नावाची. वेरा नोंदीत अजून आजोबांचे नाव असते आणि अर्जावर सही नातवाची असते. असा अर्ज तपासण्याआधीच बाजूला पडतो. पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि मृत्यूच्या दाखल्यासह नावफेराचा, म्हणजे नोंदीतील नाव बदलण्याचा, अर्ज त्याच दिवशी वेगळा द्यावा आणि त्याचा आवक क्रमांक हरकतीत लिहावा. मालक की भाडेकरू हा वाद असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घरात ठेवलेला करार ऐनवेळी पुढे केला, तर त्यावरच्या तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

भाडेकरारात "सर्व वेरे भाडेकरू भरेल" असे लिहिलेले असले तरी ते मालक आणि भाडेकरूमधले आहे. भाड्याने दिलेल्या जागेच्या मिळकतवेऱ्याची पहिली जबाबदारी कायद्याने भाड्याने देणाऱ्यावरच असते. त्याने थकवले तरच महानगरपालिका कब्जेदाराकडे वळू शकते. भाडेकरूकडून वसुली करायची तर तो वाद वेगळा चालवावा, हरकतीत मिसळू नये.

अपिलाला जाणाऱ्यांनी पैशाची तयारी आधी करावी. बिलाची रक्कम जमा केल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. फारच अडचण असल्याचे पटले तर न्यायाधीश काही भाग माफ करू शकतात, पण तो भाग २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे निदान पाऊण रक्कम भरावीच लागते. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात वैध ठरवलेली आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध युक्तिवाद करण्यात वकिलाची फी घालवू नये. पैसे भरताना "हरकत राखून भरणा" असे पत्र देऊन त्याचीही पोच घ्यावी.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला हमखास मिळतो. वेरा ही विकत घेतलेली सेवा नव्हे, आणि व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे ग्राहक धरला जात नाही. तिथे वेळ घालवताना इकडचे १५ दिवस निघून जातात. तसेच "दोन वर्षांपूर्वीची थकबाकी वसूल करता येत नाही" हे वाक्य अर्जात घालू नये. ती तरतूद २००३ च्या वीज कायद्यातली आहे, पाण्याला ती लागू नाही, आणि ती वाचून अधिकारी बाकीचा अर्जही तितक्याच हलकेपणाने घेतो.

हरकत किंवा अपील प्रलंबित असताना नव्या आर्थिक वर्षाचे बिल बहुधा त्याच वादग्रस्त आकड्याने येते. जुनी हरकत त्यालाही लागू आहे असे गृहीत धरू नये. त्या बिलावर जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून १५ दिवसांच्या आत नवी हरकत द्यावी.