माळढोक माळावर काय शोधतो?

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज लागते. 1979 साली या भागात माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचा विस्तार सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होता; त्यात गावे, शेते, रस्ते असे सगळेच आले होते. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आणण्यात आले. क्षेत्र किती असावे यावर आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे वाद झाला. पण त्या क्षेत्रात पक्ष्याला नेमके काय हवे असते, याची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. त्याचे उत्तर पक्ष्याच्या वागण्याच्या बारकाईने घेतलेल्या नोंदींतूनच मिळते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांनी 1980च्या दशकात मध्य प्रदेशातील करेरा, आंध्र प्रदेशातील रोलापाडू आणि आपले नान्नज अशा ठिकाणी माळढोकाचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा अभ्यासात पक्षी दिसला एवढे लिहून भागत नाही. तो किती वाजता कुठे उभा होता, गवत किती उंच होते, चरत होता की नाचत होता, दुपारी सावलीला कुठे बसला, गुरे आल्यावर किती अंतरावरून सरकला, हे सारे मचाणावरून किंवा लपणातून दिवसेंदिवस टिपावे लागते. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण माळाविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे याच चिकाटीतून हाती आले आहे.

नराचेच पाहा. सुमारे एक मीटर उंचीचा आणि पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी विणीच्या हंगामात, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात, सकाळ-संध्याकाळ माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर येऊन उभा राहतो. शेपटी पाठीवर उलटी घेतो, पंख खाली सोडतो आणि गळ्याची पिशवी हवेने इतकी फुगवतो की ती पायांपर्यंत लोंबते. मग खोल, घुमणारा आवाज काढतो. मादीने हे दृश्य दुरून पाहावे आणि हा आवाज दुरून ऐकावा, हाच या खटाटोपाचा हेतू. म्हणूनच नर आखूड गवताची, मोकळी, चहूकडून दिसणारी जागा निवडतो.

मादीची गरज निराळी असते. ती जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते, सुमारे चार आठवडे एकटीने उबवते आणि पिल्लूही एकटीच वाढवते; नराचा त्यात काहीही वाटा नसतो. बसल्यावर अंग झाकले जाईल, पण मान वर केली की लांबचे दिसेल, इतपत उंचीचे गवत तिला लागते. खाण्यासाठी नाकतोडे, भुंगेरे, बोरे आणि हरभऱ्यासारखी पिके लागतात, म्हणून कुरणाला लागून असलेली कोरडवाहू शेतीही त्यांच्या उपयोगाची ठरते. थोडक्यात, आखूड गवत, मध्यम गवत, तुरळक झुडपे आणि ज्वारी-हरभऱ्याची शेते असा मिळूनमिसळून असलेला प्रदेश या पक्ष्याला हवा असतो. एकसारखे दाट जंगल त्याच्या काही कामाचे नाही. त्याच्या पायाला मागचे बोटच नसते, त्यामुळे फांदी धरून बसणे त्याला जमत नाही. उलट झाडांमुळे त्याची नजर अडते आणि अंडी टिपणाऱ्या कावळ्यांना बसायला जागा मिळते.

तरीही कुसळी-पवन्या गवतांचा माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून त्यावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. हेतू चांगला असेल; माझ्या मते मात्र नान्नजच्या बाबतीत ही मोठी चूक होती, आणि कालव्याच्या पाण्याबरोबर ज्वारीच्या जागी उसाचे फड आल्याने पक्ष्यांचा वावर आणखी आक्रसला. आज येथे माळढोक क्वचितच दिसतो. काळवीट, लांडगे, खोकड आणि हिवाळ्यात नाकतोड्यांच्या मागे येऊन रात्री गवतातच मुक्काम करणारे भोवत्या हे शिकारी पक्षी अजून आहेत. त्यांनाही हाच मोकळा माळ लागतो.

उडताना विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात; या प्रश्नाचे मूळही पक्ष्याच्या शरीररचनेत दडलेले आहे. पक्ष्यांच्या दृष्टीचे अभ्यासक ग्रॅहम मार्टिन यांनी माळढोकाच्या आफ्रिकी भाईबंदाच्या दृष्टीची मोजमापे घेऊन 2010 साली दाखवले की, उडताना खालची जमीन न्याहाळण्यासाठी डोके थोडे झुकवले की त्याला समोरचे दिसेनासे होते. वजनामुळे ऐनवेळी वळणेही जड जाते. त्यामुळे तार ठळक करण्यापुरता उपाय थांबवता येत नाही. शक्य तेथे ती जमिनीखालून न्यावी लागते. जगात दीडशेच्या आसपासच माळढोक उरल्याचा अंदाज आहे आणि 2019 पासून राजस्थानात अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रकल्प सुरू आहे. त्यातली पिल्ले पुढे कधी नान्नजला सोडायची ठरली, तर त्याआधी येथील गिरिपुष्प काढून गवत परत आणावे लागेल आणि कोरडवाहू ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ती पिकवणे परवडेल अशी व्यवस्थाही करावी लागेल.