मणक्याची बायोप्सी आहे? बाटली आदल्या दिवशीच घेऊन जा

बांबोळीहून किंवा मडगावहून मणक्याची बायोप्सी करून नातेवाईक थेट आमच्या फोंड्याच्या लॅबमध्ये येतात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘कल्चर’, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची चाचणी, आणि बाटलीत असतं फॉर्मेलिन. आम्ही नमुना परत करतो, मग काउंटरवर आवाज चढतात.

फॉर्मेलिन तुकडा कुजू देत नाही, पण त्यातले जंतूही मारून टाकतं. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढणार कसा? पैसे घेऊन ‘जंतू आढळले नाहीत’ असा कागद हातात देणं आम्हाला सोपं आहे. पण तो वाचून उपचार चुकले तर? आणि पुन्हा तुकडा काढायचा म्हणजे मणक्यात पुन्हा सुई.

तेव्हा दोन बाटल्या लागतात. एक फॉर्मेलिनची, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरी निर्जंतुक, तुकडा ओला राहील एवढंच सलाईन घातलेली. कल्चर आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची चाचणी, हिच्यातून होतं. पू निघाला तर तोही हिच्यासारख्याच वेगळ्या बाटलीत. ही बाटली वाटेत कुठेही न रेंगाळता त्याच दिवशी पोचवा.

‘एमआरआयमध्ये दिसलंय की, मग हे कशाला?’ एमआरआय आणि ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या चाचण्या यांवरून इन्फेक्शनचा संशय पक्का होतो, जंतूचं नाव कळत नाही. आणि औषध ठरतं ते नावावरून. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूला साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, टीबीला वर्षभर किंवा जास्त. कच्च्या दुधातून येणाऱ्या ब्रुसेलाची औषधं आणखी निराळी. म्हणून आम्ही घरी गाई-म्हशी आहेत का विचारतो. लोक हसतात, हसू देत.

पाठ दुखते म्हणून फार्मसीतून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही सांगा, लपवू नका. त्यांनी कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा ताप चढून रुग्ण खालावला, तर नमुन्यासाठी थांबायचं नाही, आधी इस्पितळ गाठायचं.

सीबीनॅटची चाचणी मशीनवर सुमारे 2 तासांत होते. टीबीच्या कल्चरला 6 आठवडे लागू शकतात. रोज फोन केल्याने जंतू लवकर वाढत नाही. सीबीनॅट सरकारी इस्पितळात मोफत होतं. तिथे करायचं असलं तरी निर्जंतुक बाटली आमच्याकडून न्या, तिचे पैसे आम्ही घेत नाही.