ब्रेक ऑइल

मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा द्रव. सोलापुरात गॅरेजपासून स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत सगळीकडे तो याच नावाने मागितला जातो. पण ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल वर्गातले रसायन असते. त्यात चुकून इंजिन ऑइल पडले तर रबरी सील फुगतात आणि मोठा खर्च निघतो.

बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम. पेडल दाबले की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव ढकलतो. मग डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर हा चिमटा पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर आवळतो; ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडर शू फाकवून फिरत्या ड्रमला आतून घासवतो. चारही चाकांना असे ब्रेक असलेली प्रवासी मोटार अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ च्या सुमारास आणली.

या द्रवाचा खरा शत्रू पाणी. तो हवेतला ओलावा शोषतो, रबरी होजमधूनसुद्धा. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून ऑइल वर्षानुवर्षे टिकेल, असे समजू नये. डॉट ४ (डॉट हे ब्रेक ऑइलच्या प्रमाणित प्रतींचे नाव) प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ वर येते. तुळजापूरचे दर्शन घेऊन सोलापूरकडे घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर पॅडची उष्णता ऑइलपर्यंत जाते. पाणी मुरलेले ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दबत असल्यामुळे पेडल तळाला टेकते तरी गाडी थांबत नाही. फसवी गोष्ट अशी की थंड झाल्यावर पेडल पुन्हा कडक होते आणि मालक निर्धास्त होतो. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे; नेमकी मुदत गाडीच्या पुस्तिकेत असते. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी खाली गेली की वरून ओतून मोकळे होण्याची सवय घातक आहे. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरतेच. झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. आधी चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते पाहावे.

पेडल स्पंजासारखे लागले तर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निप्पल (हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) सैल करायचे, बुडबुडे निघाले की निप्पल आवळायचे, आणि त्यानंतरच पाय उचलायचा. पाय आधी उचलला तर हवा परत आत ओढली जाते. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांची हवा काढायला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण, लागतो.

डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे सारखी वाटली तरी पहिले सिलिकॉनचे, दुसरे ग्लायकॉलचे. ती एकत्र करू नयेत. ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. झाकण उघडून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली मात्र गाडीत ओतू नये. तिच्यात ओलावा शिरलेला असतो.