कूलर, काळी माती आणि बगिच्याचं वर्ष

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या बगिच्यात एक तक्रार दरवर्षी ठरलेली. सकाळी फिरायला आलेलं कुणीतरी कडुनिंबाखाली थांबतं, वर बघतं आणि माळ्याला विचारतं, "काय जी, झाड वाळून राहिलं. पाणी देत नाही का?" यंदा माळी खराटा बाजूला टेकवून म्हणाला, "पान झडते म्हणून काय झाड मरते? थो उन्हाळ्याचा हिशेब लावून राहिला."

हिशेब हा शब्द त्याच्या तोंडून सहज आला, पण त्या दिवसांत झाड खरोखर जमाखर्चच मांडत असतं. नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत पडून जातो. उरलेले आठ महिने जमिनीत जे मुरलं त्यावर काढायचे. पानावर डोळ्यांना न दिसणारी हजारो रंध्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन जातं. फेब्रुवारी सरता सरता हवा कोरडी पडते, ऊन चढतं आणि हा खर्च परवडेनासा होतो. मग झाड जुन्या पानांतलं नत्र आणि कामाची इतर द्रव्यं फांदीत ओढून घेतं. पानाकडून देठाकडे येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कमी होतं, इथिलीनचा जोर वाढतो आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल पडतो. वाऱ्याची एक झुळूक पुरते. खाली पडतं ते रिकामं पाकीट.

पानं गेली की खर्च थांबतो, आणि मुळं खालून जे थोडंबहुत पाणी ओढतात ते खोडात साठायला लागतं. त्या पाण्याच्या बळावर कडुनिंब आठ-पंधरा दिवसांत नवी पालवी काढतो, तीही पावसाला दोन-अडीच महिने बाकी असताना. हे उधळेपण वाटतं खरं. पण जूनचा पहिला पाऊस आला की पहिल्या दिवसापासून अन्न तयार करायला पानं हजर असतात, पालवी फुटायची वाट बघावी लागत नाही. पिंपळाची कोवळी पानं तांबूस दिसतात ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. हिरवा कारखाना पुरता उभा राहीपर्यंत ते त्याला उन्हापासून आडोसा देतं. याच दिवसांत पळस पेटतो आणि त्यामागून बहावा झुंबरं सोडतो. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो, असं आपल्याकडे म्हणतात. जे झाड दरसाल एप्रिल-मेमध्ये फुलतं आणि जो पाऊस दरसाल जूनमध्ये येतो, त्या दोघांचा अंदाज चुकायचा तरी कसा!

खरा प्रश्न झाडलेल्या पानांचा असतो. एका बगिच्यात, नाव घेत नाही, मी कितीतरी सकाळी कोपऱ्यात धुमसणारा ढीग पाहिला आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार रुपये दंड ठरवला. पण पहाटे पाचला दंड वसूल करायला कोण येतो? बारीक कणांचा धूर गारव्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि तोच धूर प्राणायाम करणारी मंडळी मोठ्या श्रद्धेनं छातीत भरून घेतात.

खत करा म्हणणं सोपं आहे, पण त्यात एक पेच आहे. झाडानं नत्र आधीच काढून घेतल्यामुळे वाळल्या पानांत कार्बन भरपूर आणि नत्र फार थोडं उरतं. सूक्ष्मजीवांना मात्र पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नत्र लागतं. निंबाच्या नाही तर बदामाच्या पानांचा नुसता ढीग घातला तर तो वर्षभर तसाच बसून राहतो. नत्र असतं कापलेल्या हिरव्या गवतात, आणि गवत जोमानं वाढतं जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे भाकरी मार्चमध्ये आणि भाजी जुलैमध्ये! आमच्या माळ्यानं यावर साधा तोडगा काढला. अर्धी पानं पोत्यांत भरून पंपाच्या खोलीत कोरडी ठेवली आणि अर्ध्यांवर शेणाचा काला ओतून खड्डा भरला. पावसाळ्यात मशीननं गवत कापलं की पोत्यातली पानं थराथरानं त्यात पडतात. एकदा त्यानं मला त्या ढिगात हात घालायला लावला. कोपरापर्यंत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. सूक्ष्मजीवांच्या श्वसनानं अशा ढिगाचं पोट ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतं आणि तणांचं बरंचसं बी त्यातच शिजून जातं. ढीग उलटापालटा केला नाही तर आत हवा पोचत नाही, आणि मग जी दुर्गंधी सुटते तिच्यामुळे शेजारच्या इमारतीतून तक्रार येते. तीही आमच्याकडे येऊन गेली आहे.

आता मे. या गावात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हटलं की नागपूरकर आधी कूलरच्या ताट्या बघतो. बगीचा समजून घ्यायला कूलरइतकं चांगलं यंत्र नाही. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाणी वाफ होतं. वाफ व्हायला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं आणि खोली गार होते. झाडाची पानं म्हणजे अशीच ताटी, फक्त पंखा नाही आणि टाकी जमिनीखाली. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या हिशेबात पाऊण युनिटाच्या जरा कमी ऊर्जा लागते. पाणी पुरेसं असेल तर मोठं झाड दिवसाला शंभर लिटर सहज सोडतं. तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकायला दीड टनी एसी बारा-तेरा तास चालवावा लागेल.

मात्र कूलरची जी खोड तीच झाडाची. टाकीत पाणी नसेल तर तोही गरम हवाच फेकतो. भर दुपारी मुळांना पुरवठा झेपेनासा झाला की झाड रंध्रं मिटून घेतं आणि त्याचा कूलर बंद पडतो. त्या वेळी कामाला येते ती नुसती सावली, आणि सावलीसाठी लागतं जुनं, घेरदार झाड. भोसल्यांच्या काळापासूनच्या महाराजबागेत दुपारी शिरलं की हा फरक अंगाला कळतो. दोन वर्षांची रोपं लावलेल्या लेआउटच्या बगिच्यात कळायचा नाही. पुढे जुलैत हवा दमट झाली की घरातला कूलर जसा चिकचिक करतो, तसं झाडाचं बाष्पही कमी होतं. तेव्हा त्याची गरजही नसते म्हणा.

या हिशेबात सगळ्यात महाग पडतं ते लॉन. उन्हाळ्यात उघड्या हिरवळीतून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एका एकराला रोज तीसेक हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. आणि पाणी दुपारी बाराला पाइपनं उडवलं तर त्यातलं बरंच मुळाशी पोचायच्या आतच जातं. आपल्या देशी हरळीला एवढे लाड लागत नाहीत. ती वरून पिवळी पडते, पण जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून बसते आणि पहिल्या सरीला उठते. पिवळं लॉन दिसलं की लोक माळ्यावर ओरडतात. माझं मत विचाराल तर मे महिन्यात या शहरात लॉन पिवळंच असावं.

ताण सगळ्यांनाच वाईट नसतो. बोगनवेल भर उन्हात रंगानं फुटून येते ती पाणी तुटल्यामुळेच. तिला रोज पाणी दिलं तर पानं माजतात आणि रंग जातो. ही गोष्ट नागपूरजवळच्या संत्र्यावाल्याला सांगायला नको. मृग बहार धरायचा तर तो उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतो. पावसानं ताण तुटला की झाड फुलावर येतं. बगिच्यातल्या बोगनवेलीवर विनाकारण पाइप धरणाऱ्याला एकदा संत्र्याच्या बागांच्या काटोलला नेऊन आणायला हवं.

पाऊस आला की नायक बदलतो. आता खेळ मातीचा. पश्चिम नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व टोकावर वसलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसॉल्ट झिजून ही काळी माती झाली. देशभरच्या मातीचे नकाशे बनवणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था इथेच, अमरावती रोडवर आहे, हा योग मला फार आवडतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण वहीच्या पानांसारखे थरावर थर रचलेले असतात. पाणी आलं की थरांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात भेगा इतक्या रुंद होतात की पोरांचा बॉल अडकतो. वरची भुसभुशीत माती भेगांत पडत राहते, पावसात भेगा मिटतात, पडलेली माती खालीच राहते आणि खालची वर रेटली जाते. नांगर न लावता जमीन उलटीपालटी होते. कुंपणाची भिंत आणि फिरायच्या ट्रॅकचं काँक्रीट दर दोन-चार वर्षांनी तडकतं त्यामागेही बऱ्याचदा हीच माती असते, पण शिव्या ठेकेदार खातो. कधी कधी योग्यच खातो.

पहिला पाऊस भेगांतून सरळ खोल जातो. भेगा मिटल्या की मात्र ओल्या काळ्या मातीत तासाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर पाणी मुरतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. पावसाळ्याच्या शेवटी जमीन आधीच तुडुंब असते, आणि मोकळी जमीन तरी शहरात किती उरली?

जुलैत एक दिवस चिखल ओसरल्यावर मी माळ्याला म्हटलं, आता आळी करून घ्या की. त्यानं मूठभर माती उचलून दाबली, उघडून दाखवली. गोळा तसाच, बोटांचे ठसे उमटलेले. "वाफसा नाही आला अजून. आता खुरपलं तं नुसते ढेकळं होतील." वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी वेळ. मुळांना श्वास लागतो. पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती गुदमरतात. पावसाळ्यातल्या वृक्षारोपणात खड्ड्यात लावलेली कितीतरी रोपं पाण्यावाचून नव्हे, पाण्यात बुडून मरतात. काळ्या मातीत रोप जरा उंचवट्यावर लावलं तर तगतं.

हवेचीच गोष्ट गट्टूंची, म्हणजे जमिनीवर बसवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यांची. चार वर्षांपूर्वी आमच्या निंबाच्या अगदी बुंध्यापर्यंत गट्टू बसवले गेले. दिसायला झकास. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यांच्यावरची माती आधी रोलरनं दाबली आणि मग झाकून टाकली. दोन पावसाळ्यांनंतर शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागल्या. तेव्हा मार्चमधल्या त्या तक्रारीत पहिल्यांदाच तथ्य होतं. माळ्यानं कुणाला न विचारता बुंध्याभोवतीचे तीन फूट गट्टू सब्बलीनं उपटून टाकले आणि तिथे पानांचं खत पसरलं.

पहिल्या जोरदार पावसानंतर गवतात शेंदरी मखमलीचे ठिपके चालताना दिसले तर मुलांना थांबवून दाखवा. तो मृगाचा किडा. किडा म्हणतो खरा, पण पाय मोजले तर आठ भरतील. तो कोळ्याच्या गणगोतातला. वर्षातला बराच काळ मातीत काढून तो पावसानंतर थोडे दिवस वर येतो, वाळवीसारखे जीव खातो, जोडीदार शोधतो आणि परत खाली जातो. ज्या मातीवर कीटकनाशकाचा मारा आहे तिथे तो शोधून सापडत नाही.

त्याच पावसात गाजर गवत माजतं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि त्यातल्या पार्थेनिनमुळे कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते. १९८४ मध्ये बंगळुरूला मेक्सिकोतला एक भुंगेरा मुद्दाम सोडला गेला, जो या गवताची पानं खाऊन गुजराण करतो. तो आता देशभर पसरलाय. पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली तर काम त्याचंच समजा. तरी हातमोजे घालून, फुलं यायच्या आत उपटणं याला पर्याय नाही. फुलावर आल्यावर मशीन फिरवणं म्हणजे स्वतःच्या हातानं पेरणी.

हिवाळा बगिच्याचा मिरवायचा काळ, त्यावर फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र गेल्या डिसेंबरात पाहिली. फाटकापासून कारंज्यापर्यंत शेवंतीच्या कुंड्यांची रांग. सगळ्या पिवळ्याधमक, आणि हायमास्टच्या दिव्याखालच्या सहा कुंड्या नुसत्या हिरव्या. खत तेच, पाणी तेच. शेवंतीला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य अंधार मोजतं, आणि मध्येच उजेड पडला की मोजणी मोडते. दिव्याखालच्या शेवंतीच्या लेखी उन्हाळाच चालू होता. माळ्याला फायटोक्रोम माहीत असायचं कारण नाही. त्यानं सहाही कुंड्या उचलून पंपाच्या खोलीमागे, अंधारात नेऊन ठेवल्या.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्या फुलल्या. तोवर बाकीची शेवंती खतखड्ड्यात गेली होती, आणि या सहा कुंड्यांवर निंबाची पहिली पिवळी पानं पडायला लागली होती.