जीमेलचे फिल्टर: कोणता मेल कुठे जावा हे एकदाच ठरवा
सोलापुरातील आमच्या व्यापारी, कारखानदार व कार्यालयीन ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की एखाद्या सीएंचं ऑफिस, मेलबॉक्सची तऱ्हा सगळीकडे सारखीच. विमा, कर्ज, सेल आणि ब्रोकरच्या टिपा यांचा ढीग, आणि त्यातच कुठेतरी सूतवाल्याचं बिल, ट्रान्सपोर्टची एलआर (माल पाठवल्याची पावती), परदेशी ग्राहकाची चौकशी. रोज हाताने डिलीट करून हा ढीग संपत नाही, कारण पाठवणारे रोज पाठवतातच. फिल्टर म्हणजे कोणता मेल कुठे जावा याचा नियम. तो एकदा बसवला की निवड गूगलच्या सर्व्हरवरच होते. तुमचा कॉम्प्युटर बंद असला तरी चालतं, आणि तीच मांडणी मोबाइलवरही दिसते.

मात्र जिथे अनसबस्क्राइब करून भागतं, तिथे फिल्टर लावू नका. ओळखीच्या कंपनीचा जाहिरातीचा मेल उघडला की बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच जीमेल ‘अनसबस्क्राइब’ दाखवतं, ते दाबा. दिवसाला ५,०००हून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना ही एका क्लिकची सोय देणं गूगलने २०२४ मध्ये बंधनकारक केलं. पाठवणारा अनोळखी असेल तर मेलच्या मजकुरातली लिंक दाबू नका, कारण त्यातून तुमचा पत्ता चालू असल्याचं त्याला कळतं. सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’ करा.

फिल्टर बनवण्याची रीत

जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. वरच्या सर्चच्या चौकटीत उजव्या टोकाला आडव्या रेघांचं लहान चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो. ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता लिहा. एकाच कंपनीचे मेल तीन-चार पत्त्यांवरून येत असतील तर ‘ॲट’च्या पुढचा भाग लिहिला तरी पुरतो. दोन वेगळे पत्ते एकाच फिल्टरमध्ये घ्यायचे तर मध्ये ‘ओआर’ हा इंग्रजी शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा.

आता लगेच ‘क्रिएट फिल्टर’ दाबू नका. आधी ‘सर्च’ दाबा आणि जुने कोणते मेल सापडतात ते पाहा. जे सापडले तेच पुढे फिल्टरमध्ये अडकणार. त्यात एखादं बिल किंवा ऑर्डर दिसली तर अट बदला. यादी पटली की पुन्हा तेच चिन्ह, मग ‘क्रिएट फिल्टर’.

पुढच्या पानावर टिक करायच्या चौकटी येतात. गर्दीच्या मेलसाठी तीन पुरेत: ‘स्किप द इनबॉक्स’ (मेल इनबॉक्समध्ये न येता बाजूला जातो), ‘अप्लाय द लेबल’ (मेलला तुम्ही ठरवलेल्या नावाची, फोल्डरसारखी खूण लागते) आणि शेवटची ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टू मॅचिंग कॉन्व्हर्सेशन्स’. ही शेवटची राहिली तर फिल्टर फक्त नव्या मेलना लागतो आणि साठलेले दोन हजार मेल इनबॉक्समध्ये तसेच राहतात. “फिल्टर लावला पण काही झालं नाही” या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

‘मार्क ॲज रीड’ विचार करून टिक करा. ते असलं की लेबलपुढे न वाचलेल्यांचा आकडा येत नाही, आणि मग त्या लेबलकडे कोणी फिरकत नाही. ‘डिलीट इट’ तर आम्ही कोणालाच सुचवत नाही. तो मेल ट्रॅशमध्ये जातो आणि ३० दिवसांनी कायमचा पुसला जातो. चूक महिन्यानंतर लक्षात आली तर हातात काही उरत नाही.

शब्दावर नको, पाठवणाऱ्यावर लावा

सब्जेक्टमध्ये ‘ऑफर’ शब्द असेल तर मेल बाजूला टाका, असा फिल्टर बरेच जण मोठ्या हौसेने लावतात. आता टॉवेलच्या धंद्यात परदेशी खरेदीदार काय लिहितो? “अमुक जीएसएम वजनाच्या इतक्या डझन टेरी टॉवेलसाठी तुमची बेस्ट ऑफर पाठवा.” क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीबरोबर ही चौकशीही इनबॉक्स चुकवून गेली आणि मोबाइलवर घंटीही वाजली नाही. ‘फ्री’, ‘डिस्काउंट’, ‘पेमेंट’ या शब्दांचंही तसंच.

‘अनसबस्क्राइब’ हा शब्द पकडणारा फिल्टर इंटरनेटवर फार सुचवला जातो. तो जाहिराती पकडतो हे खरं, पण कुरिअरची सूचना, बँकेचं स्टेटमेंट आणि मोठ्या कंपन्यांच्या सिस्टीममधून आपोआप निघणारी परचेस ऑर्डर यांच्या तळाशीही तो शब्द असू शकतो. लावायचाच असेल तर पहिले पंधरा दिवस फक्त लेबल लावा, इनबॉक्स चुकवू नका. चुकीचे मेल दिसले की त्यांचे पत्ते अटीतून वगळा.

आणखी एक खोच. ‘फ्रॉम’मधला शब्द पाठवणाऱ्याच्या पत्त्याशीच नव्हे, त्याच्या दिसणाऱ्या नावाशीही जुळवला जातो. तिथे नुसतं बँकेचं नाव लिहून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ टिक केलं, तर त्या बँकेचं नाव लावून आलेला भामट्याचा मेलही स्पॅममधून सुटून इनबॉक्समध्ये येतो. म्हणून पूर्ण पत्ता किंवा पूर्ण डोमेनच (‘ॲट’च्या पुढचा भाग) लिहा.

डोमेनवरून आठवलं: रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितली होती. तुमच्या बँकेचा मेलही नव्या पत्त्यावरून येऊ लागला असेल तर जुन्या पत्त्यावरचा फिल्टर त्याला लागणार नाही. एकदा तपासून घ्या.

जीएसटी, आयकर आणि कस्टम्स

या तिघांसाठी फिल्टर जरूर लावा, पण उलट्या दिशेचा. उदाहरणार्थ, ‘जीएसटी डॉट गव्ह डॉट इन’साठी लेबल, ‘स्टार इट’, ‘ऑलवेज मार्क इट ॲज इम्पॉर्टंट’ आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ टिक करा. ‘स्किप द इनबॉक्स’ अजिबात नको. नोंदणीच्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरली जाते (सीजीएसटी कायदा, कलम १६९). नोंदणी रद्द करण्याबाबतच्या कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला तर सातच कामाचे दिवस मिळतात. “मेल पाहिलाच नाही” ही सबब तिथे चालत नाही.

जीएसटी पोर्टलवर तुमचाच ई-मेल नोंदलेला आहे ना, हेही पाहा. अनेकांच्या नोंदणीत कर सल्लागाराचा पत्ता असतो. मग तुमच्या मेलबॉक्समधला फिल्टर कशाला लागणार? तुमचाच पत्ता असेल आणि सीएंनाही प्रत जायला हवी असेल तर ‘फॉरवर्ड इट’ वापरा. त्याआधी सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’खाली त्यांचा पत्ता जोडावा लागतो. त्यांना एक कोड जातो, तो टाकेपर्यंत फॉरवर्ड सुरू होत नाही. जुने मेल मात्र फॉरवर्ड होत नाहीत.

तुम्ही न लावलेला फिल्टर

सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ महिन्यातून एकदा उघडाच. पासवर्ड हाती लागलेला चोर पुष्कळदा गुपचूप बसतो आणि ‘इन्व्हॉइस’, ‘बँक’, ‘पेमेंट’ असलेले मेल लपवणारा किंवा बाहेर धाडणारा फिल्टर लावून ठेवतो. मग तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने वेगळा खाते क्रमांक जातो. असा फिल्टर दिसला तर आधी त्याचा फोटो घ्या, मग तो काढा, पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे तासांनी फरक पडतो.

आउटलुक वापरत असाल तर

आउटलुक जीमेलला ‘पॉप’ आणि ‘आयमॅप’ अशा दोन पद्धतींनी जोडता येतं. ते ‘पॉप’ने जोडलेलं असेल तर जीमेलने बाजूला काढलेले मेलही त्याच्या इनबॉक्समध्ये उतरतात. म्हणून ‘आयमॅप’ने जोडा, म्हणजे लेबलं फोल्डर म्हणून दिसतील. आउटलुकमध्येच बनवलेले काही नियम आउटलुक उघडं असतानाच चालतात.

आमच्याकडून फिल्टर लावून घ्यायचे असतील तर ज्यांचा मेल कधीच चुकता कामा नये अशा दहा-पंधरा पत्त्यांची यादी करून ठेवा: खरेदीदार, सूत आणि रंगाचे पुरवठादार, ट्रान्सपोर्ट, बँक, सीए. काम तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्यासमोर होतं. लॉगिन तुम्ही स्वतः करायचं. पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर वा व्हॉट्सॲपवर आम्ही मागत नाही. आमचं नाव सांगून कोणी मागितलाच, तर देऊ नका आणि दुकानात कळवा.