नाईलच्या बेटावरचं खरेदीखत

घराचं खरेदीखत हातात आलं की जाणता माणूस आधी चतुःसीमा वाचतो. एका बाजूला कोणाची मिळकत, दुसऱ्या बाजूला कुठला रस्ता. इ.स.पू. 437 साली अनान्या नावाच्या माणसाने 14 शेकेल (शेकेल हे वजनाचं माप) चांदीला एक पडकं घर घेतलं. त्याच्या दस्तातही चतुःसीमा आहे: एकीकडे खनूम देवाची वस्ती आणि दुसरीकडे राजरस्ता ओलांडला की ‘यहू देवाचं मंदिर’. यहू म्हणजे यहुद्यांचा देव. पण हे घर जेरुसलेममध्ये नव्हतं. ते होतं दक्षिण इजिप्तमध्ये, आजच्या आस्वानसमोर नाईलच्या पात्रात असलेल्या एलेफंटाइन बेटावर.

इजिप्तमधले हिब्रू, म्हणजे यहुदी, म्हटलं की बायबलमधला मोझेस आणि इजिप्तचा राजा फेरो आठवतात. त्या कथेला उत्खननातून अजून थेट दुजोरा मिळालेला नाही. या बेटावरच्या यहुद्यांबद्दल मात्र शंकेला जागा नाही, कारण त्यांचे व्यवहाराचे कागद, म्हणजे पपायरस, कोरड्या हवेमुळे टिकले. इराणी साम्राज्याने दक्षिण सरहद्दीवर ठेवलेली ही शिबंदी. भाषा अरामी, कारण सरकारी कामकाजाची भाषा तीच. पण नावं पाहा: अनान्या, यदोन्या, यहोइश्मा. देवाचं नाव माणसांच्या नावांत गुंफलेलं.

अनान्याच्या घरचे कागद 1893 मध्ये चार्ल्स विल्बर या अमेरिकी संग्राहकाने आस्वानला विकत घेतले. तीनच वर्षांनी तो वारला आणि कागद त्याच्या सामानात पडून राहिले. पुढे मुलीच्या मृत्युपत्रामुळे ते ब्रुकलिन संग्रहालयात पोचले आणि छापून आले ते थेट 1953 मध्ये.

हा अनान्या यहूच्या मंदिरातला सेवेकरी. बायको तामुत ही इजिप्शियन दासी, तीही दुसऱ्याच्या मालकीची. इ.स.पू. 449 सालच्या त्यांच्या लग्नाच्या करारात काडीमोडाचं कलम आहे आणि ते दोघांनाही सारखंच लागू आहे: भरसभेत उठून ‘मला हा नवरा नको’ असं तामुतही म्हणू शकत होती, फक्त त्याबद्दल ठरलेली रक्कम भरायची. मालकाने तिची आणि मुलीची मुक्तता लिहून दिली ती मात्र 427 मध्ये. म्हणजे कायद्याने नवऱ्याला सोडता येत होतं, मालकाला नाही!

धर्मग्रंथ वाचून या लोकांकडे पाहिलं तर गोंधळायला होतं. यज्ञ देवाने निवडलेल्या एकाच जागी व्हावा, असा तोराचा, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाचा, आग्रह; आणि ती जागा जेरुसलेमचं मंदिर मानली गेली. इथे तर वेगळं मंदिर. वर्गणीची एक यादी सापडली आहे. मथळा यहूचा, पण बेरजेत अनात-बेथेल या देवतेच्या नावावर जवळपास यहूइतकीच चांदी. मला तरी ही भेसळ वाटत नाही. धर्म ग्रंथात आखीवरेखीव होण्याआधी घराघरांत कसा पाळला जात होता, ते इथे दिसतं.

इ.स.पू. 410 मध्ये हे मंदिर पाडलं गेलं. खनूमच्या पुजाऱ्यांनी इराणी अधिकारी विद्रंग याला हाताशी धरलं, अशी यहुद्यांची तक्रार. खनूम मेंढ्याच्या मुखाचा देव आणि शेजारी यहूपुढे मेंढ्यांचे बळी. वैराचं मूळ इथे असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. 407 मध्ये वस्तीचा पुढारी यदोन्या आणि पुजाऱ्यांनी, जेरुसलेम ज्यात येतं त्या यहुदा प्रांताच्या सुभेदाराला, बगोहीला, अर्ज केला: आम्ही गोणपाट नेसतो, तेल लावत नाही, मद्य घेत नाही, आमच्या बायका विधवांसारख्या झाल्या आहेत. उत्तर अनुकूल आलं. पूर्वीच्या जागी मंदिर बांधा, अन्नाचा आणि धूपाचा नैवेद्य दाखवा. पशुबळीचा मात्र त्यात उल्लेखच नाही.

मंदिर पुन्हा उभं राहिलं का? बांधकामाचा हिशेब हाती नाही. पण इ.स.पू. 402 मध्ये अनान्या आणि तामुत यांनी जावयाला घर विकलं, त्या दस्ताच्या चतुःसीमेत यहूचं मंदिर पुन्हा आहे.